पंधरा तारखेपासून पूर्ण विश्रांती

१ मार्च, सोमवार
हिशेबाच्या वहीच्या मागच्या बाजूने आजपासून ही नोंद. पुढच्या बाजूला घरखर्च, मागच्या बाजूला गर्भ. दोन्ही मधल्या पानावर भेटायच्या आत नातवंड घरात यावं, एवढीच देवापाशी मागणी.

सकाळी चिरंजीव आणि सूनबाईबरोबर दवाखान्यात गेले. चिरंजीव म्हणत होते, आई, तू कशाला दगदग करतेस. म्हटलं, दगदग कसली, आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भ पाच दिवसांचा आहे. खसखशीच्या दाण्याहून लहान. सध्या त्यांच्या फ्रीजरमध्ये. गर्भाशयात सोडला की लगेच चिकटत नाही. आधी इकडेतिकडे फिरतो, अंगावरचं कवच फोडून बाहेर येतो, मग जागा बघून अस्तराला धरतो आणि हळूहळू आत शिरतो. पाचसहा दिवसांत काम होतं किंवा होत नाही. अस्तरही महिन्यातून मोजकेच दिवस तयार असतं, एरवी दार बंद. ते निदान सात-आठ मिलिमीटर जाड हवं. सूनबाईचं नऊ आहे. अस्तराचं मला कळतं. मी चाळीस वर्षं घरातलं शिवण करते आहे.

मी तीन प्रश्न विचारले. जिना? चालेल. शिंक? चालेल. हसणं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो आजी, गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी नव्हे. जॅम लावलेल्या दोन पावांच्या मध्ये खसखशीचा दाणा ठेवला तर तो पडतो का? तसं आहे. रोजची कामं करू द्या. झोपून राहायचीही गरज नाही.

डॉक्टरांना असं बोलावंच लागतं. मी मॅट्रिक आहे, शरीरशास्त्रात वर्गात तिसरी होते.

मागे दोन वेळा रुजलं नाही. दुसऱ्या वेळी मी काय काय चुकलं त्याची सतरा कलमांची यादी केली आणि सूनबाईला वाचून दाखवली. केवळ माहितीसाठी. दोष म्हणून नव्हे. तिने दोन दिवस खोलीचं दार लावून घेतलं होतं. थकली असेल.

बाहेर आल्यावर दोघं पाण्याच्या मशीनमागे बराच वेळ कुजबुजत होती. मग चिरंजीवांनी येऊन तारीख सांगितली. पंधरा.

या वेळी व्यवस्था माझ्याकडे.

२ मार्च, मंगळवार
पंधरापासून पूर्ण विश्रांती, म्हणजे चौदापर्यंत सगळी जड कामं उरकून घ्यायची. पडदे काढणं, माळा रिकामा करणं, लोखंडी कपाट हातभर सरकवणं, गाद्या गच्चीवर नेणं. कागद करून सूनबाईच्या हातात दिला. ती वाचता वाचता पांढरी पडली. अस्तर नऊ असूनही अशक्तपणा आहे.

नवस: पंधरापासून रिपोर्ट येईपर्यंत चहा वर्ज्य. दिवसाला सहा कप पिणारीने सोडायचा म्हणजे देवालाही विचार करावा लागेल.

गुप्तता: एकालाही सांगायचं नाही. बाहेरच्या तोंडांची हमी नसते. माझी आहे.

३ मार्च, बुधवार
दोघांनी सुट्टी काढली. नवा फ्रीज बघायला गेले म्हणे. दुपारी परत. फ्रीज घेतला नाही. सूनबाई हळू चालत होती आणि चिरंजीव मागून दोन्ही हात पसरून, जणू ती काचेची बरणी आहे. म्हटलं, कसा होता फ्रीज? म्हणाले, छान होता, आत फारच गार.

त्याचा फोटो मात्र घेऊन आले आहेत. मी खांद्यावरून पाहिला. गोल, करडा, आत ठिपकेच ठिपके. मागचं मशीन असावं. संध्याकाळभर दोघं तो फोटो बघत बसली. एकदा तर सूनबाईचे डोळे भरून आले. वस्तूंचा इतका मोह बरा नव्हे. आमच्या फ्रीजला अठरा वर्षं झाली, त्याचा एक फोटो नाही.

४ मार्च, गुरुवार
पडद्यांचा दिवस. सूनबाईला स्टूल दिलं. चिरंजीव आजही घरीच. धावत आले, स्टूल ओढून घेतलं आणि स्वतः चढले. लग्न होईपर्यंत या मुलाने स्वतःचा टॉवेल उचलला नव्हता. म्हटलं, तिला करू दे रे, पंधरानंतर तिला काही करायचं नाहीये. तर म्हणाले, आई, मला पडद्यांची आवड लागली आहे.

सायं. ६. हे अचानक म्हणाले, अगं, उद्या तुझ्या भावाकडे जाऊन येऊ चारपाच दिवस. माझ्या भावाकडे! एकतीस वर्षांत हे आपणहून एकदाही गेलेले नाहीत. भावाच्या हसण्याने ह्यांचं डोकं दुखतं. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिकिटं काढून झाली होती.

६ मार्च, शनिवार. भावाकडे.
हे भावाबरोबर तीन तास पत्ते खेळले. हरले. वर हसले. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, भावजींना पैसे हवे आहेत का?

घरी फोन केले. आज अकरा. सूनबाई प्रत्येक वेळी म्हणते, आई, इथे सगळं शांत आहे. मी नसताना घर चालवायची सवय नाही तिला, तरी ताण कळू देत नाही. अकराव्या फोनला मागून गाणं लागलेलं ऐकू आलं. ताण घालवण्यासाठीच असणार.

वहिनीला काहीही सांगितलं नाही. फक्त एवढंच की पंधरा तारखेला आमच्याकडे काहीतरी रुजायचं आहे. तिने एक कुंडी दिली.

९ मार्च, मंगळवार
परत. कपाट जागच्या जागी, माळा भरलेला, गाद्या खाली. पाच दिवसांत एक काम नाही. सूनबाईचा चेहरा मात्र तजेलदार. मी गेले की लोक आळशी होतात आणि मग असे टवटवीत दिसतात.

कुंडी गॅलरीत ठेवली.

१० मार्च, बुधवार
लिफ्ट बंद. चार मजले. सूनबाईला म्हटलं, चढून घे, चढून घे, पंधरानंतर एक पायरी मिळणार नाही तुला. ती निमूट चढली. तिसऱ्या मजल्यावर दम लागला तो मला. तिने माझी पिशवी घेतली. बरं केलं, जड होती.

कपाट चिरंजीवांनी आणि ह्यांनी सरकवलं. ह्यांची कंबर धरली आहे. मी म्हटलं, सूनबाईने एक बाजू धरली असती तर? दोघं एकदम नको म्हणून ओरडले. पुरुषांना अहंकार फार.

१३ मार्च, शनिवार
दुपारी चिरंजीवांना फोन आला. त्यानंतर त्यांनी सूनबाईला मिठी मारली. स्वयंपाकघरात. माझ्यादेखत. हातात कणकेचं पातेलं असताना. विचारलं, काय झालं? म्हणाले, मॅच जिंकलो आई! ह्यांना विचारलं, कुठली मॅच? हे म्हणाले, लांबची. आणि डोळे पुसायला गॅलरीत गेले. ह्यांना खेळाची इतकी ओढ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

१५ मार्च, सोमवार
तो दिवस. सकाळी दोघं निघाली. मी देवासमोर दिवा लावून बसले. एक हजार आठ वेळा नाव घ्यायचं ठरवलं. तीनशेबारावर डोळा लागला. पण ओठ हलत असावेत, म्हणून सहाशे धरले आहेत.

दुपारी आली. हातात बाजाराची पिशवी आणि सूनबाईच्या पायात नव्या चपला. म्हटलं, हे काय? चिरंजीव म्हणाले, दवाखान्याजवळच दुकान आहे. अशा दिवशी खरेदी! बोलले नाही. आता एक शब्द बोलायचा नाही, सगळं सुरळीत करायचं.

आजपासून नियम. (१) दाराची घंटा बंद. (२) कुकरला शिट्टी नाही, दचकून गर्भ सुटेल. (३) घरात विनोद नाही. (४) ह्यांनी शिंकायचं तर गॅलरीत. नियम कागदावर लिहून भिंतीला लावले. ते लावताना माझ्या हातून ताटांची चळत पडली. चौदा ताटं. सूनबाई दचकली नाही, उलट हसू लागली. नियम तीनचा भंग पहिल्याच तासात.

चहा सोडला. डोकं धरलं आहे.

१६ मार्च, मंगळवार
लिफ्ट दुरुस्त करून घेतली. मेकॅनिक उद्या-परवा करत होता. त्याला गुप्तता राखून एवढंच सांगितलं की आमच्याकडे पाच दिवसांचा पाहुणा आला आहे आणि त्याला जिन्याचा हादरा चालत नाही. तो म्हणाला, पाच दिवसांचं बाळ? कुठून आणलंत? म्हटलं, फ्रीजरमधून. तासाभरात लिफ्ट चालू झाली. बिल मागायलाही आला नाही.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे उशी शिवायला टाकली तेव्हा थोडं बोलावं लागलं. त्या कोणाजवळ बोलायच्या नाहीत. त्यांनी विचारलं, कालपासून का? म्हटलं, कालपासून. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, बरं बरं, कालपासून. आणि खाली मान घालून खांदे हलवत राहिल्या. खोकला असावा.

त्यांच्याकडे एक कप चहा घेतला. नवस घरच्या चहाचा होता.

१७ मार्च, बुधवार
प्रयोग. दोन पाव, जॅम, मध्ये एकच खसखशीचा दाणा. चिमटीत धरून जिन्याने खाली, जिन्याने वर. दोन उड्या. एकदा कठड्यावरून हलवलं. पाव उघडून भिंग लावलं. दाणा तिथेच.

थोडा विचार करावा लागला. मग लक्षात आलं, पावाला शिंक येत नाही. म्हणजे प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. विश्रांती चालू.

प्रयोग ह्यांनी खाल्ला.

१९ मार्च, शुक्रवार
माझ्या हिशेबाने आज पाचवा दिवस. कवच फुटून गेलेलं, जागा बघून झालेली, आता आत शिरणं चालू. हीच ती नाजूक वेळ. सूनबाईच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. दर अर्ध्या तासाने दार किंचित उघडून विचारलं, काही जाणवतंय का? सातव्यांदा ती म्हणाली, आई, तुम्ही जाणवताय.

माझ्या असण्याचा तिला किती आधार वाटतो ते यातून दिसतं.

कुकर नसल्यामुळे डाळ शिजायला पावणेदोन तास. हे म्हणाले, गर्भ रुजेल, पण तोवर मी जाईन. नियम तीन.

२२ मार्च, सोमवार
सूनबाईला सकाळी उलटी. ऍसिडिटी. मी म्हटलंच होतं, नव्या चपला घालून भटकू नको. संध्याकाळी सात वाजता गाढ झोपली. माझ्या शिस्तीला शरीर साथ देऊ लागलं आहे.

चहा: घरी शून्य. शिंपीणबाईंकडे तीन. दवा म्हणून एक.

२४ मार्च, बुधवार
झोप नाही. रिपोर्ट तीन दिवसांवर. मागच्या वेळी याच दिवसांत सूनबाई गप्प गप्प होत गेली होती. आणि रिपोर्टनंतर न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. नळ अर्धा तास वाहत होता. पाणी वाया जातंय असं मी दाराबाहेरून म्हणाले होते.

हे आज एवढ्यासाठी लिहिलं की या वेळी ती गप्प नाही. गुणगुणते. मला समजत नाही. जर नाही रुजलं तर हे गुणगुणणं कुठे जाईल?

देवा, चहा पाच वेळा झाला. तो मोजू नकोस. किंवा मोज, पण माझ्या नावावर. तिच्या नाही.

२७ मार्च, शनिवार
रुजलं!

चिरंजीव रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. मी मटकन खाली बसले. मग देवासमोर, मग ह्यांच्यासमोर, मग चुकून दूधवाल्यासमोर हात जोडले. सूनबाई येऊन माझ्याजवळ जमिनीवरच बसली. मी तिचा हात धरला. म्हटलं, बघ, बारा दिवस हलू दिलं नाही तुला. ती चिरंजीवांकडे बघत होती. चिरंजीव छताकडे.

नवस फिटला. चहा: चार, लागोपाठ.

२८ मार्च, रविवार
इतर बायकांना उपयोग व्हावा म्हणून माझी पद्धत सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. 'रुजवणीचे बारा दिवस: एका अनुभवी सासूचे मार्गदर्शन.' चार पानं. परवा पहिली सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंना एक प्रत देणार. दवाखान्यात लावायला.

चिरंजीव म्हणाले, आई, तू परवा नाही आलीस तरी चालेल. असं कसं चालेल? ज्याचं काम त्याने हजर असावं.

३० मार्च, मंगळवार
काय झालं ते क्रमाने लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी मार्गदर्शन वाचलं. चारही पानं. 'कुकरची शिट्टी' इथे चष्मा काढून पुसला. मग मशीन लावलं. पडद्यावर अंधार, अंधारात एक पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्यात काहीतरी भराभर लुकलुकत होतं. म्हणाल्या, हे हृदयाचे ठोके. मला पुढचं थोडा वेळ दिसलं नाही. डोळे.

मग त्या म्हणाल्या, छान आहे. सहा आठवडे चार दिवस.

मी म्हटलं, चूक होते आहे. पंधराला सोडला. आज तीस. पंधरा दिवस झाले. त्या म्हणाल्या, आजी, मोजायची रीत वेगळी असते. पाच दिवसांचा गर्भ सोडतो त्या दिवशीच दोन आठवडे पाच दिवस धरतात. म्हटलं, धरा. दोन आठवडे पाच दिवस म्हणजे एकोणीस. एकोणीस आणि पंधरा, चौतीस. तुम्ही म्हणता ते शेहेचाळीस. बारा दिवस जास्तीचे आले कुठून?

डॉक्टरीणबाई चिरंजीवांकडे बघू लागल्या, चिरंजीव सूनबाईकडे, सूनबाई पडद्याकडे. त्या ठिपक्याला तेवढं कसलंच सोयरसुतक नव्हतं, तो लुकलुकत होता.

घरी येऊन वही उघडली. माझा हिशेब आजवर चुकलेला नाही. शेहेचाळीसातून एकोणीस गेले, सत्तावीस. तिसातून सत्तावीस गेले, तीन.

तीन मार्च. पान उलटून पाहिलं. 'नवा फ्रीज बघायला गेले म्हणे.'

गोल, करडा, आत ठिपकेच ठिपके.

मी त्याला मशीन म्हणाले.

३१ मार्च, बुधवार. सकाळ.
ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, भावाकडे मी हौसेने गेलो असं वाटलं तुला? शिंपीणबाईंनाही माहीत होतं. लिफ्टवाल्याला नव्हतं. त्याला अजूनही वाटतं आमच्याकडे काहीतरी भयंकर आहे. म्हणजे ज्यांच्याशी मी गुपित जपून बोलले त्यांना ते माझ्याआधीच ठाऊक होतं, आणि ज्या एकाला ठाऊक नव्हतं तो पळून गेला.

सूनबाई ताटं पुसत होती. मीही फडकं घेतलं. ती आपणहून बोलली. म्हणाली, आई, तुम्हाला फसवायचं नव्हतं. पण मागच्या वेळी तुम्ही ती यादी वाचलीत. कलम चार, मैत्रिणीचा फोन आल्यावर मोठ्याने हसणं. त्यानंतर कितीतरी महिने मला हसू आलं की भीती वाटायची.

मी म्हटलं, मी नुसती नोंद ठेवली होती गं.

ती म्हणाली, हो. आणि पुढचं ताट घेतलं.

जुनी वही शोधून यादीचं पान फाडलं. त्याच्या पाठीमागे त्या वर्षीचा अख्खा जुलै होता. तोही गेला. मार्गदर्शनाच्या चार पानांची पाठ कोरी आहे, ती वाण्याच्या यादीला वापरता येईल.

मग देवासमोर बसून पुन्हा एकदा तारखा लावून पाहिल्या. तीनला आत सोडला. दोन दिवस फिरला, कवच फोडलं. पाचला जागा बघितली असेल. पाच ते नऊ, धरून बसला, आत शिरला, झालं. पाच ते नऊ मार्च. घरात शांतता होती, गाणं लागलं होतं, आणि मी भावाकडे होते. जो चहा मी सोडला तो त्याच्या कामाचा नव्हता, जी शिट्टी बंद केली ती त्याने ऐकलीच नसती. त्याला माझी काही गरज लागली नाही. अकरा फोन सोडले तर.

निश्चय: यापुढे नोंदी बंद. (सूनबाई काल दोनदा शिंकली. ही नोंद नाही.)

भिंतीवरचे नियम काढले. घंटा जोडली. कुकर लावला. पहिल्या शिट्टीला हे गॅलरीतून टाळ्या वाजवत आत आले.

जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, हे पुढचे काही आठवडे जपायचे असतात, तेव्हा मी भावाकडे जाऊन राहू का महिनाभर? भाऊही ह्यांची वाट बघतोय पत्त्यांना. ह्यांचा घास हातातच राहिला. चिरंजीव पाणी प्यायला लागले आणि पेला संपला तरी पीतच राहिले.

सूनबाई म्हणाली, नको, आई.

जरा वेळाने म्हणाली. पण म्हणाली.